कलता शिक्का

माझ्या आडनावात ‘ळ’ आहे. महाराष्ट्राची वेस ओलांडली की त्याचा ‘ल’ होतो, हे बँकेतल्या नोकरीत अंगवळणी पडलं होतं. टोकियोत मात्र त्याचा ‘र’ झाला. जपानीत ‘ल’च नाही, तर ‘ळ’ कुठून यायचा! शिवाय ‘न्’ सोडला तर सुटं व्यंजन त्यांच्या जिभेला सोसत नाही, स्वराचा टेकू लागतो. त्यामुळं कोथरूडहून निघालेली केळकर टोकियोत पोचेपर्यंत ‘केरुकारु’ झाली. विमानतळावरून घरी जातानाच लेकीनं बजावलं, “आई, कुणी केरुकारु-सान म्हणालं तर इकडंतिकडं बघू नकोस. ती तू आहेस.”

मी ३४ वर्षं बँकेत काढली. काउंटरची आतली बाजू मला पाठ आहे. गोल शिक्का, लांब शिक्का, तारखेचा फिरता शिक्का, वाळलेलं स्टॅम्प पॅड आणि त्यावर ओतायची जांभळी शाई. निवृत्तीच्या दिवशी हे सगळं टेबलावर ठेवून मी हात धुतले. पुढं गेल्या वर्षी मार्चअखेर लेक-जावयाला टोकियोत घर बदलायचं होतं, नात लहान, म्हणून मला बोलावणं आलं. आपण आता थेट भविष्यकाळात चाललो, अशा ऐटीत मी बॅग भरली.

खरं तर पहिला इशारा पुण्यातच मिळाला होता. व्हिसासाठी लेकीचं निमंत्रणपत्र हवं, जामीनपत्र हवं, तिच्या वॉर्ड ऑफिसचा रहिवासी दाखला हवा, आणि एक तारीखवार तक्ता हवा. कुठल्या दिवशी काय करणार, कुठं राहणार, तिथला फोन नंबर काय. ४५ दिवस, ४५ ओळी. पहिल्या ओळीत मी ‘लेकीच्या घरी’ असं लिहिलं आणि खाली ४४ वेळा ‘वरीलप्रमाणे’. एजंटनं तक्ता पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, चालतं हे. पण मधे कुठं तरी एखादी बाग टाका. बरं दिसतं.” म्हणून मी एका ओळीत ‘ओकायामा, कोराकुएन बाग’ असं टाकलं. ती ओळ पुढं खरी करावी लागली.

टोकियोतले पहिले दोन दिवस भविष्यकाळ अगदी ठरल्याप्रमाणं भेटला. संडासात पाऊल टाकलं की झाकण आपसूक वर. बसकण उबदार. भिंतीवर इतकी बटणं, की मला आमच्या शाखेतला टेलिफोनचा बोर्ड आठवला. स्टेशनात सुइका कार्ड दाराला नुसतं टेकवायचं, टुणकन आवाज होतो आणि माणूस आत. हे कार्ड २००१पासून चालू आहे. तेव्हा आपण पुण्यात बसच्या तिकिटाचे सुटे पैसे शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी जावयानं रामेन खायला नेलं. आठ खुर्च्यांचं दुकान. दारातच एक यंत्र, त्यावर पदार्थांची चित्रं आणि बटणं. आत जाण्याआधी तिथं पैसे टाकायचे, चिठ्ठी घ्यायची आणि ती आचाऱ्यापुढं ठेवायची. मी सवयीनं फोन बाहेर काढला. जावई म्हणाला, “आई, इथं रोखच चालते. हजाराची नोट द्या. पाच हजाराची हे यंत्र खात नाही.”

मला हसू आवरेना. आमच्या कर्वे रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीवर तेलाच्या डागांमधून क्यूआर कोड डोकावत असतो. केळीवालीच्या टोपलीला तो दोरीनं बांधलेला असतो. आणि हा कोड जन्मला कुठं? जपानमध्येच. १९९४ साली, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्यानं तो तयार केला. कारखान्यात सुट्या भागांच्या खोक्यांवर साध्या रेघांच्या पट्ट्या असायच्या. त्यात फार थोडी माहिती मावायची, त्यामुळं एकेका खोक्यावर अनेक पट्ट्या वाचत बसावं लागे. हारा दुपारच्या सुट्टीत ‘गो’ खेळायचे. त्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या बघून त्यांना चौकटीत माहिती भरायची युक्ती सुचली, असं ते सांगतात. कंपनीनं हे तंत्र सगळ्यांना मोकळं ठेवलं. पुढं २०१६ साली आपल्याकडं यूपीआय आलं आणि खोक्यावरचा कोड वडापावच्या गाडीवर चढला. गंमत पुढंच आहे. २०१८ साली जपानमध्ये पे-पे नावाची क्यूआरनं पैसे द्यायची सोय निघाली, ती आपल्या पेटीएमचं तंत्र घेऊन. जपानची लेक भारतात नांदली आणि माहेरपणाला परत गेली, म्हणायचं. या आठ खुर्च्यांच्या दुकानात मात्र तिला अजून कुणी बोलावलेलं नव्हतं. मी हजाराची नोट यंत्रात टाकली आणि सुट्टे मोजून घेतले. रामेन उत्तम होतं.

जपानचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच १ एप्रिलला सुरू होतं. शाळा, नोकऱ्या, बदल्या, सगळं त्याच सुमाराला. त्यामुळं मार्चअखेर अर्धा देश खोकी बांधत असतो आणि बाहेर चेरी फुललेली असते. बँकेत ३४ मार्चअखेरी काढलेल्या बाईला आणखी एका मार्चअखेरीची काय भीती! लेकीबरोबर मी नव्या घराच्या वॉर्ड ऑफिसात गेले. जुन्या वॉर्डातून नाव काढायचं काम लेकीनं आदल्या आठवड्यात सोफ्यावर बसून फोनवर उरकलं होतं. तिथं ‘माय नंबर’ कार्ड आहे, त्यातल्या चिपच्या जोरावर हे होतं. नव्या वॉर्डात नाव घालायला मात्र जातीनं जावं लागतं, तेही १४ दिवसांच्या आत. बाहेर पडणं बोटावर, आत शिरणं पायांवर.

टोकन घेतलं. आमच्या आधी ६८ माणसं. फॉर्म भरायच्या उंच टेबलावर भरलेल्या फॉर्मचे नमुने काचेखाली लावलेले, आणि शेजारी चाळिशीचे तीन चष्मे, नंबराप्रमाणं रांगेत ठेवलेले. मी एक लावून पाहिला. काचा स्वच्छ होत्या. माझ्या ३४ वर्षांत किती पेन्शनरांनी “बाई, चष्मा घरी राहिला, तेवढं वाचता का” म्हणून मला स्लिपा वाचायला लावल्या. काउंटरवर एक चष्मा ठेवावा, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

लेकीच्या नावाचा घोळ वेगळाच. लग्नानंतर तिनं आडनाव बदललं नाही, त्यामुळं मधलं नाव वडिलांचं. फॉर्मवर रकाने दोनच, आडनाव आणि नाव. वडिलांचं नाव मग तिच्या नावाला चिकटवायचं. ती सगळी माळ रकान्यात मावत नाही. दवाखान्यात तिला काही वेळा वडिलांच्या नावानं पुकारतात आणि ती उठून उभी राहते. आमचे हे असते तर त्यांना याचं भारी कौतुक वाटलं असतं.

तासाभरानं नंबर लागला. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्मवरून पट्टी फिरवत एकेक ओळ पाहिली आणि एका जागी पेन्सिलनं हलकंसं वर्तुळ केलं. इमारतीच्या नावात दीर्घ स्वराची आडवी रेघ घराच्या करारनाम्यात होती, फॉर्मवर नव्हती. ती आत गेली. एक जाडजूड नकाशाची वही निघाली. दोन डोकी तिच्यावर वाकली, मग तिसरं. शेवटी रेघ हवीच, असं ठरलं. खाडाखोड करायची तर दोन आडव्या रेघा आणि त्यावर हांको, म्हणजे आपल्या नावाचा शिक्का. लेकीचा हांको तेवीस खोक्यांपैकी कुठल्या तरी एका खोक्यात होता. “सही चालेल,” ती मुलगी म्हणाली, आणि मग तिनं स्वतःहून नवा कोरा फॉर्मच पुढं केला.

एव्हाना मी खुर्ची वळवून बसले होते. सवय जात नाही, मी कागदाचा प्रवास बघत होते. आमचा फॉर्म पहिल्या टेबलावरून दुसऱ्यावर गेला, तिथं तपासून त्यावर छोटा गोल लाल शिक्का. मग तिसऱ्यावर, परत शिक्का. आमच्या भाषेत मेकर आणि चेकर. इथं एक चेकर जास्त होता. एकूण लागले २ तास ५० मिनिटं. शेवटी त्या मुलीनं दोन्ही हातांनी दोन्ही कार्डं परत दिली. राहण्याच्या परवान्याच्या पाठीवर नवा पत्ता आलेला, माय नंबरवरही. “आता परत कधी यायचं?” मी लेकीला विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. “परत कशाला? झालं की.”

तिथं माझा राग गेला. उशीर झाला होता, पण सगळा काउंटरच्या आत, आमच्या डोळ्यांदेखत. आपल्याकडं उशीर काउंटरच्या बाहेर असतो. झेरॉक्सच्या दुकानात, ‘साहेब जेवायला गेलेत’मध्ये, ‘सोमवारी या’मध्ये. तिथं कागद हळू चालतो, पण आपला आपण चालतो. इथं त्याला हाताला धरून न्यावं लागतं. आणि हे मी काउंटरच्या आत बसून ३४ वर्षं पाहिलेलं आहे, तेव्हा दुसऱ्या कुणाचं नाव घेण्यात अर्थ नाही.

हांकोचा इतिहास लहान नाही. फुकुओकाजवळच्या शिकानोशिमा बेटावर १७८४ साली एक सोन्याची मुद्रा सापडली. चीनच्या हान सम्राटानं ती इसवी सन ५७मध्ये तिथल्या एका राजाला दिली होती, असं मानतात. सामान्य माणसाच्या शिक्क्याला सरकारी मान्यता मिळाली ती १८७३ साली, १ ऑक्टोबरला. आज एकेका माणसाकडं दोन-तीन शिक्के असतात. रोजच्या पावत्यांसाठी एक, बँकेसाठी एक, आणि घर-गाडी घेताना लागणारा तिसरा, जो वॉर्ड ऑफिसात नोंदवलेला असतो. आपल्याला यात नवल वाटू नये. जुन्या मराठी पत्रांवर माथ्याशी शिक्का असायचा आणि मजकूर संपला तिथं छोटी मोर्तब. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदांची बाडं तशा खुणांनी भरलेली आहेत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण अजून वापरतो, वस्तू हरवली.

जावयानं ऑफिसातली एक रीत सांगितली. एखादा प्रस्ताव टेबलाटेबलावरून फिरतो, प्रत्येक जण आपल्या चौकटीत शिक्का उठवतो, वरच्या साहेबाची चौकट डावीकडं. जुन्या वळणाच्या कचेऱ्यांत हाताखालचा माणूस आपला शिक्का मुद्दाम थोडा डावीकडं कलता मारतो. म्हणजे शिक्का साहेबाला वाकून नमस्कार करतो! “तुम्ही मारता का असा?” मी विचारलं. “आमच्याकडं आता सगळं स्क्रीनवर असतं, आई,” तो म्हणाला. आणि हळूच पुढं, “पण स्क्रीनवरचा शिक्काही कलता करायची सोय असलेली सॉफ्टवेअर मिळतात.”

त्याहून कडी म्हणजे, २०१९च्या डिसेंबरात हिताची समूहाच्या दोन कंपन्यांनी एका तिसऱ्या कंपनीबरोबर एक यंत्रमानव जाहीर केला. तो कागद घेतो, शिक्का शाईत बुडवतो आणि बरोबर जागी उठवतो. ती तिसरी कंपनी डेन्सो वेव्ह, क्यूआर कोडच्या घराण्यातलीच. ज्या डोक्यांनी कागदाला पर्याय शोधला, त्यांनीच कागदावर शिक्का मारणारा हातही घडवला.

कोरोनात या शिक्क्यांनी घात केला. घरून काम करणारी माणसं फक्त शिक्का मारायला गच्च भरलेल्या गाड्यांतून ऑफिसला जात होती. मग २०२०मध्ये प्रशासकीय सुधारणांचे मंत्री तारो कोनो यांनी मोहीम उघडली. शिक्का लागणाऱ्या सरकारी कामांची यादी केली, ती निघाली १५ हजारांच्या घरात. त्यातल्या ९९ टक्क्यांहून जास्त कामांतून शिक्का काढला, ८३ कामांत ठेवला. पुढं त्यांनी मोर्चा फ्लॉपीकडं वळवला. होय, फ्लॉपी! अर्ज फ्लॉपीवर भरून द्या, असं सांगणारे १,०३४ नियम शिल्लक होते. ते एक सोडून सगळे रद्द झाले, २०२४च्या जूनमध्ये. सोनीनं फ्लॉपी विकणं थांबवूनसुद्धा तोवर बारा-तेरा वर्षं उलटली होती. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा दिवसाचा हिशेब फ्लॉपीवर घालून ती कुलपात ठेवायचं काम माझ्याकडं होतं. जगात आणखी कुणी तरी तेवढ्याच निष्ठेनं ती जपत होतं, हे कळून बरंच वाटलं.

सगळा कागद खुळा नसतो, हे मला गाडीच्या खरेदीत कळलं. नव्या घरापाशी जावयाला गाडी घ्यायची होती. जपानमध्ये १९६२पासून कायदा आहे, की आधी गाडी उभी करायची जागा दाखवा, मग गाडी घ्या. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी आणि तिचा दाखला पोलीस ठाण्यातून आणायचा. अर्जासोबत दोन नकाशे. एक घर आणि जागा दाखवणारा, दुसरा त्या जागेची लांबी-रुंदी आणि समोरच्या रस्त्याची रुंदी दाखवणारा. हे नकाशे हातानं काढले तरी चालतात. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं टेप घेऊन खाली उतरलो. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं जावयाच्या, आणि नात मधून उड्या मारत आकडे ओरडतेय. समोरून येणारा सायकलवाला थांबला, टेप खाली जाईपर्यंत वाट पाहिली आणि मान झुकवून गेला. दिवसभर क्लाउडवर काम करणारा माझा जावई त्या रात्री फूटपट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन रस्ता आखत बसला होता. दाखला आठवड्यात आला.

आमच्या गल्लीत दुतर्फा गाड्या असतात. कचऱ्याची गाडी आली की मागून हॉर्नचा गणेशोत्सव सुरू होतो. आपल्याकडंही असा नियम आणायची चर्चा अधूनमधून होते. नुसत्या त्या दोन नकाशांनी निम्मं कोथरूड मोकळं होईल.

व्हिसाच्या तक्त्यातली ती ओळ बाकी होती. ओकायामाला शिन्कान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, निघालो. ही गाडी १९६४पासून धावते. तिकिटं हातात आली ती कागदाची, माणशी दोन-दोन, एक प्रवासाचं आणि एक वेगाचं. मी म्हटलं, झाली पंचाईत, आता हे कोण तपासणार. लेकीनं दोन्ही तिकिटं एकावर एक ठेवून दाराच्या फटीत सरकवली. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती पलीकडून बाहेर आली, दोन्हीवर बारीकसं भोक पडलेलं. आदल्याच दिवशी बँकेच्या यंत्रात लेकीनं पासबुक घातलं होतं, तर त्यानं आतल्या आत पानं उलटून भरलेलं पान ओलांडलं आणि कोऱ्या पानावर नोंदी छापल्या. मी तीनदा बघितलं. आपण यंत्र आणताना कागद घालवायला निघतो. त्यांनी यंत्राला कागदाची पानं उलटायला शिकवलं. म्हणून तर कागद तिथं इतका टिकला.

कोराकुएन ही १७०० साली पुरी झालेली बाग. मोकळी हिरवळ, तिच्यातून वळणं घेत जाणारं पाणी, मागं काळा किल्ला. मला सारखं वाटत होतं, की आपण इथं येऊन गेलोय. येऊन गेलेच होते. सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे उद्यान ही बाग याच बागेवरून उतरवलेली आहे, पुणे-ओकायामा मैत्रीची खूण म्हणून. पुलंनी ‘पूर्वरंग’मध्ये जपानबद्दल लिहिलं, तेव्हा नाव शोभतंही. कोराकुएनमध्ये एक म्हातारा माळी गुडघ्यावर बसून कात्रीनं शेवाळाची कड सारखी करत होता. पुण्यातल्या बागेत माझ्या मैत्रिणी सकाळी प्राणायाम करतात.

परतायच्या आधी एका दुकानात मी हांकोचं यंत्र पाहिलं. स्क्रीनवर नाव लिहायचं, अक्षराचं वळण निवडायचं आणि पैसे टाकायचे. काचेआड सुई फिरते आणि दहा-पंधरा मिनिटांत शिक्का हातात. तयार शिक्क्यांच्या फिरत्या स्टँडवर सातो, सुझुकी, तानाका ओळीनं होते. केळकर कुठून असणार! मी करून घेतला. चार अक्षरं, के-रु-का-रु, करंगळीएवढ्या काडीच्या टोकाला.

पुण्यात आले. भाजीवालीकडं कोड स्कॅन केला, तिच्या डबीतून बाई ओरडली, पैसे जमा झाले. कोथिंबीर पिशवीत पडायच्या आत व्यवहार संपला. मला दोन दिवस त्या आवाजाचा अभिमान वाटत राहिला.

मग नोव्हेंबर आला. पेन्शनरांनी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं असतं. अंगठ्यावरून हयातीचा दाखला द्यायची सोय २०१४पासून आहे. बँकेत गेले, यंत्रावर अंगठा ठेवला. जुळत नाही. पुसून ठेवला. जुळत नाही. तर्जनी, मधलं बोट, डावा अंगठा. ३४ वर्षं नोटा मोजून रेषा झिजल्या असाव्यात. चेहरा ओळखणारं ॲपही आहे म्हणाले, ते गोल गोल फिरत राहिलं. मागं रांग वाढत होती.

काउंटरवरचा मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा नव्हे, पण फार मोठाही नव्हता. त्यानं खालच्या खणातून कागदी फॉर्म काढला. “मॅडम, तुम्ही बसा. मी भरतो,” म्हणाला. त्यानं भरला, मी सही केली, त्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं, जिवंत आहे याची खात्री केल्यासारखं. मग स्टॅम्प पॅड पुढं ओढलं. वाळलेलंच होतं. दोनदा दाबून त्यानं शिक्का उठवला आणि कागद माझ्यासमोर धरला.

शिक्का डावीकडं कलला होता.

“सॉरी मॅडम, तिरका पडला. दुसरा मारू का?”

“राहू दे,” मी म्हटलं. “बरोबर पडलाय.”